न बघितलेला कागद

“शरयू, बघायचं नाही हं,” गिरीशराव म्हणाले. प्रिंटर घरघरत होता.

“नाही बघत. हे बघा, डोळे मिटलेत मी.”

“बघा म्हणे!” ते हसले.

काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून त्यांची मतपत्रिका शरयूच भरायची. ते नाव सांगायचे, ती खूण करायची. गेल्या खेपेला तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो, ह्याला? ह्याला कोणी मत देतं का?” वर मंदिरात चार बायकांना हसत हसत सांगितलंही. त्या रात्री गिरीशराव जेवले नाहीत.

यंदा अमेरिकेतल्या त्यांच्या ट्रॉय शहराच्या निवडणूक कचेरीने मतपत्रिका कॉम्प्युटरवर पाठवली. हेडफोनमधून नावं ऐकायची, आपलं बटण आपण दाबायचं. सकाळभर ते दार लावून एकटेच बसले होते. छापलेला कागद पाकिटात घालायला मात्र दुसरं माणूस लागणारच होतं. शरयूने देवापुढे शब्द दिला होता. एकादशी पाळते तसंच हेही पाळायचं.

तिने चाचपडत कागद उचलला. डोळे न उघडता घडी घातली, पाकीट चिकटवलं. मग डोळे उघडून त्यांचं बोट सहीच्या रेघेवर टेकवलं. सही करताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की तिला भरून आलं.

निवडणूक होऊन गेली. पुढच्या एकादशीला शरयू भजनं छापायला बसली. पहिला कागद कोरा आला. दुसराही कोरा. तिने जर्सी सिटीला मुलाला, राजसला फोन लावला.

“आई, इंक संपलीय. समरमध्ये आलो तेव्हाच सांगितलं होतं ना, नवीन कार्ट्रिज ऑर्डर कर म्हणून? त्यानंतर काही इम्पॉर्टंट प्रिंट नाही ना केलंस?”

तिने फोन खाली ठेवला.

बाहेर गिरीशराव मित्राशी बोलत होते. “अरे, ह्या वेळचं मत माझं एकट्याचं. बायकोलासुद्धा पत्ता नाही!” मग त्यांनी आत हाक मारली, “काय गं शरयू, खरं सांग. बघितलं नव्हतंस ना?”

हातातला कोरा कागद तिने पालथा ठेवला.

“नाही हो,” ती म्हणाली. “देवाशपथ, नाही बघितलं.”