पेव्याचा आडोसा

सौंदडचे भोजराजभाऊ सकाळी चहा घेऊन अंगणात बसले, की कुंपणापलीकडून शेजारचे चुन्नीलाल आपल्या पोटातल्या गॅसची कथा सुरू करत. कंटाळून भोजराजभाऊंनी सालेकशाच्या जंगलातून पेव्याचे कंद आणले आणि कुंपणालगत लावून टाकले. रानातलंच झाड ते. उन्हाळ्यात वाळलं तरी पावसात पुन्हा फुटलं, आणि दुसऱ्या वर्षी असं पुरुषभर वाढलं की पलीकडचं काही दिसेना. पांढरी फुलं उमलली त्या सकाळी भोजराजभाऊंनी निवांत पहिला घोट घेतला.

तेवढ्यात फाटक वाजलं. चुन्नीलाल डोक्यावर खुर्ची घेऊन आत येत होते.

“सारी फुलं तुयाच बाजूनं आली न गा, भोजराज! आता रोज इथंच बसतो. चाय सांग!”