कमी पडलेला नमुना

“ही शेवटची पेटी,” चिकटराव म्हणाले, पण पेटी हातातून सोडली नाही.

“अहो, द्या ना,” बाई म्हणाल्या. “जपून वापरते.”

“मागच्या पेटीलाही हेच म्हणाला होतात.”

चिकटराव प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळायचे. हातमोज्यांची जोडीसुद्धा स्वतःच्या खिशातून दिल्यासारखी द्यायचे, म्हणून हे नाव पडलं. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि चिकटरावांच्या बायको. घरी ते तिला ‘अगं’ म्हणायचे. इथे दारात पाऊल टाकलं की ‘बाई’.

साथ सुरू झाली आणि सगळंच आटलं. घशातले नमुने ज्या द्रावणात ठेवतात, ते यायचं बंद झालं. बाईंनी ते इथेच करायला घेतलं. त्याला शुद्ध मीठ लागायचं. मीठ आलं, पण बाटल्या सगळ्या गुंतलेल्या. मग चिकटरावांनी चहाच्या खोलीतल्या साखरेच्या दोन सारख्या बरण्यांपैकी एक रिकामी केली आणि तिच्यात मीठ भरून पुन्हा फळीवर ठेवली.

“चिठ्ठी लावा हो तिच्यावर,” बाई म्हणाल्या होत्या.

“कागद काय फुकट येतो? मला ठाऊक आहे कुठली कुठली ते.”

तपासणीचं रसायन मात्र इथे करता येत नव्हतं. ते या शेवटच्या पेटीत होतं तेवढंच, आणि फ्रिज नमुन्यांनी गच्च भरला होता. त्यातला एक त्यांच्या लेकीचा होता. ती याच इस्पितळात वरच्या मजल्यावर नर्स होती. तिच्या वॉर्डात रुग्ण निघाला तेव्हापासून ती एका खोलीत बंद होती, आणि तिची तान्ही मुलगी घरी जावयाच्या खांद्यावर रडत होती.

“आई, माझा नंबर कधी लागेल गं?” ती फोनवर विचारायची.

“रांगेत आहे, बाळा. सगळ्यांसारखाच. जेवणाची चव लागतेय ना अजून?”

हे ऐकलं की चिकटराव स्टोअरमध्ये जाऊन उगाच खोकी लावत बसायचे.

बाईंनी तोड काढली. पाच जणांचे थेंब एकत्र करायचे आणि तपासणी एकच करायची. काही नाही निघालं तर पाचही जण सुटले. निघालं तरच त्या पाचांना वेगवेगळं बघायचं. एवढ्या पेटीत अख्खा फ्रिज रिकामा झाला असता. पण त्याला परवानगी हवी होती, आणि त्यासाठी आज मुख्य कार्यालयाचे साहेब नळ्यांचा डबा घेऊन आले होते.

“यात आजारी एकच आहे,” साहेब म्हणाले. “बाकी सगळे निरोगी. कोणती नळी ते मला माहीत आहे. नेमकी तीच शोधलीत तर परवानगी. निरोगी माणसाला आजारी ठरवलंत, तर तुमचे सगळे नमुने मी गाडीत घालून नेणार.”

“तुमच्याकडे रांग किती आहे, साहेब?”

“विचारू नका.”

बाई आत गेल्या. साहेब ऑफिसात एकटेच बसले. चिकटरावांनी चहा करून थर्मासमध्ये भरला आणि त्यांना एक कप दिला. साहेबांनी मास्क खाली ओढून कप रिकामा केला आणि विचारलं, “आणखी आहे?”

चिकटरावांनी पुन्हा काठोकाठ भरून दिला. नमुने मांडणाऱ्या मुलीने काचेतून ते पाहिलं.

“बाई, चिकटरावांनी दुसरा कप दिला. जगबुडी आली.”

“तू थेंब मोज,” बाई म्हणाल्या.

दुपार कलली तेव्हा बाई बाहेर आल्या. त्यांनी नळीचा क्रमांक सांगितला.

“बरोबर!” साहेब म्हणाले. मागे त्या मुलीने टाळी वाजवली. चिकटरावांनी डोळे मिटून घेतले.

“आणि आणखी एक आहे,” बाई म्हणाल्या आणि दुसरा क्रमांक सांगितला.

साहेबांचा चेहरा बदलला. “ती नाही.”

“आम्ही पुन्हा करून बघितली. तेच येतंय.”

“बाई, ती निरोगी आहे, मी खात्रीने सांगतो. तुमच्या मिसळामिसळीत दुसऱ्या नळीचा थेंब लागला. हीच भीती होती मला.” त्यांनी खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली आणि ते उठून बाहेर गेले.

“दुसरी सांगितलीतच कशाला?” चिकटराव कुजबुजले. “एक हवी होती, एक सापडली होती!”

“दिसलं ते सांगायचं. उद्या कुणाच्या लेकीचं असंच लपवू का?”

बाई खुर्चीत टेकल्या. चिकटरावांना दुसरं काही सुचेना, म्हणून थर्मासमध्ये उरलेला चहा कपात ओतून त्यांनी बायकोपुढे धरला.

“अगं, घे,” ते म्हणाले. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच.

बाईंनी एक घोट घेतला आणि त्या बेसिनकडे धावल्या.

“अहो, हे काय! नुसतं मीठ!”

“मीठ?” चिकटरावांचा चेहरा पडला. “बरणी चुकली वाटतं. अरे देवा, आणि साहेबांना मी...”

टेबलावर साहेबांचा कप होता. तळापर्यंत रिकामा.

बाईंनी तोंड पुसलं. कपाकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. साथ आल्यापासून कुणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

“अगं, डोकं बिकं फिरलं का?”

“चुकलात ते बरं झालं,” बाई म्हणाल्या आणि मास्क घट्ट करत व्हरांड्यात गेल्या. ड्रायव्हरने नमुन्यांची पहिली पेटी उचलली होती.

“ठेवा ती खाली,” त्या म्हणाल्या. मग लांबूनच विचारलं, “साहेब, त्या दुसऱ्या नळीतला नमुना कुणाचा होता?”

“निरोगी माणसाचा, सांगितलं ना,” साहेब वैतागून म्हणाले. “एक कमी पडत होता, म्हणून सकाळी निघताना मी माझाच घातला.”