अडवून ठेवलेली जागा

"धीरजभाऊ, तुमच्या बाबाचा फोटो उघडूनच नाई राह्यला!" अपघात विभागातून हर्षा सिस्टरचा पुन्हा फोन आला. "डॉक्टर ताटकळले हायेत. काऊन असं?"

काऊन, ते धीरजला ठाऊक होतं. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात सीटी स्कॅनचे फोटो, बिलं, औषधांचे हिशेब, सगळं एकाच सर्व्हरवर असायचं, आणि सर्व्हर एका वेळी ठरावीकच कॉम्प्युटर आत घ्यायचा. पुढच्याला दार बंद. मर्यादा वाढवली तर तो साफ गोठून जायचा. तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या धीरजनं ते करून पाहिलं होतं. त्यात फिल्म छापायचं मशीन सकाळपासून बंद.

देवळीच्या रस्त्यावर त्याच्या बाबांना, बंडूजींना, जीपनं उडवलं होतं. डोक्याला मार होता. डोळे उघडत नव्हते.

मघाशी आई, अनुसयाबाई, धापा टाकत जिना चढून आली होती. "तू एवढा कॉम्प्युटरवाला, अन् बापाचा फोटो दाखवता येत नाई तुले?"

ती तशीच खाली गेली.

त्यानं बिलाच्या खिडकीला फोन लावला, औषधांच्या दुकानाला लावला. "कोणीतरी थोडा वेळ बाहेर निघा ना बाप्पा!" जो तो म्हणे, आमच्यापुढं रांग आहे.

मग त्यानं कोण कोण आत आहे ते पडद्यावर पाहिलं. एका कॉम्प्युटरला बराच वेळ कुणी हातच लावला नव्हता. तो कुठल्या खोलीतला, ते कळायला मार्ग नव्हता. जोडणाऱ्यानं नुसते नंबर दिले होते. उघडा टाकून चहाला गेलं असणार कोणी. रोजचंच होतं ते. धीरजच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इथं बाप जातो आहे, अन् हे जागा अडवून बसले!

हात न लावलेलं कनेक्शन आपोआप तुटायची एक मुदत असते. ती त्यानं पार खाली आणली.

तो नंबर पडद्यावरून गेला. त्याच्या जागी लगेच अपघात विभागाचा आला.

"उघडला!" हर्षा फोनवर ओरडलीच. "रक्त साकळलं हाये म्हणते डॉक्टर. पण वेळेवर दिसलं."

धीरजनं डोळे मिटले. सकाळपासून पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी ऑपरेशन थिएटरातून गोपिका सिस्टर बोलत होती.

"धीरजभाऊ, आमचा फोटो अचानक गेला. परत आत घेऊन नाई राह्यला. लवकर करा ना काई! डॉक्टरसायबाचे दोन्ही हात लेकराच्या डोक्यात हायेत."