लाल रंगाची जागा

पॅलेटवर रंग काढताना मारेननं लाल आणि हिरव्याची अदलाबदल केली आणि पॅलेट नवऱ्याच्या हातात दिलं. एरवी अंगठ्याशी पांढरा, मग पिवळा, मग लाल, आणि हिरवा पार दुसऱ्या टोकाला. लग्न झाल्यापासून रोज तीच रंग काढून द्यायची, आणि हा क्रम कधी चुकला नव्हता.

आता होल्गर खेकसेल म्हणून ती वाट पाहत राहिली. तिला ते खेकसणं हवंच होतं. कोपनहेगनचा डॉक्टर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करायला तयार होता. पण त्याचं नाव काढलं की होल्गर म्हणायचा, मला स्वच्छ दिसतं, सुरीबिरी काही नको. आज तो ओरडला असता, तर तिनं तो विषय कायमचा सोडला असता.

होल्गर ओरडला नाही. तळ्यापलीकडे मेपलची झाडं लालभडक झाली होती, आणि तो सवयीनं नेहमीच्या जागी ब्रश बुडवून पानं रंगवत होता. हिरवीगार पानं. मारेन विणकाम घेऊन बसली खरी, पण टाक्यामागून टाके सुटत होते. थांबवावं असं शंभरदा मनात आलं, तोंड काही उघडेना.

दुपारी शेजारचा आइनार सरपणाची गाडी घेऊन त्या वाटेनं आला. चित्र बघायला थांबला.

"काय मास्तर, सगळं गाव थंडीनं काकडतंय आणि तुमच्याकडे वसंत आला होय?"

होल्गर हसला. चित्रकाराच्या लहरी असतात बाबा, म्हणाला. गाडीचा आवाज पार विरेपर्यंत तो हसतच होता. मग त्यानं ब्रश खाली ठेवला.

"मारेन, चित्रातली झाडं कोणत्या रंगाची झालीत?"

"हिरवी. मीच रंग बदलले. तुला कळतंय का, बघायला."

तो रागावला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

"डोळे गेलेत हे मला केव्हाच कळलंय," तो म्हणाला. "गेल्या दोन पानगळी मी तुझ्या भरवशावर रंगवल्या. तू ठेवलास तो लाल."

मारेनला रडू आलं. घाईघाईनं तिनं पॅलेट पुसलं, सगळे रंग जुन्या क्रमानं काढले, ब्रश त्याच्या हातात दिला, आणि त्याचं मनगट धरून तो तिसऱ्या रंगापाशी नेला.

"हा लाल."

होल्गरनं ब्रश बुडवला नाही. तो तसाच अधांतरी धरून त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं.

"कशावरून?"