शेजारची चटई

ट्रूडी दारात आली आणि गेनरने पटकन सगळीकडे नजर फिरवली. हॉलमध्ये वीस चटया होत्या, एकोणीस भरलेल्या. रिकामी होती ती एकच, नेमकी क्लेमच्या शेजारची.

"चल घरी," क्लेम पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गप बस." गेनरने नवऱ्याची बाही घट्ट धरली. "आता उठलास तर सगळं गाव बघेल."

ट्रूडीने कोणाकडे बघितलं नाही. बूट काढले, आली आणि चटईवर बसली. तिच्यात आणि क्लेममध्ये हातभर अंतर होतं.

चौदा आठवड्यांपूर्वी क्लेमच्या होडीवरून खेकड्यांचे पिंजरे पाण्यात सोडताना ट्रूडीच्या नवऱ्याचा, पास्कोचा, पाय दोरात अडकला. पिंजरे खाली गेले, त्यांच्याबरोबर पास्कोही गेला. सुकाणूवर क्लेम होता. चौकशीत त्याची काही चूक निघाली नाही. पण चौकशी करणाऱ्यांना थोडंच ट्रूडीच्या घरासमोर राहायचं होतं! अंधार पडला की ती खिडकीचा पडदा असा सर्रकन ओढायची की गेनरला कोणी थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं. आणि क्लेम स्वयंपाकघरात दिवा लावून बसायचा, पार उजाडेपर्यंत. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, डॉक्टर झाले. गेल्या आठवड्यात एकदाची डुलकी लागली, ती कुठे, तर व्हॅन चालवताना! दगडी कुंपणावर गाडी घालून आला शहाणा. आणि येत्या सोमवारी तो पुन्हा समुद्रावर निघणार होता, एकटा. असा गेला तर हा काही परत येत नाही, हे गेनरला लख्ख दिसत होतं.

शेवटी दवाखान्यातली नर्स म्हणाली, सप्टेंबरात दिवस आणि रात्र सारखे होतात त्या संध्याकाळी हॉलमध्ये योगासनं असतात, मग काशाची वाडगी वाजवून मन शांत करतात, जाऊन तर बघा.

"वाडगी वाजवून झोप येते होय?" क्लेम म्हणाला होता. "मग तू रोज भांडी आपटतेस तेव्हाच यायला हवी होती." तरी आला बिचारा. एके काळी त्याला असलं काही लागत नव्हतं. पबमध्ये लोक म्हणायचे, क्लेम आणि पास्को असताना होडीला धुक्यात भोंगा कशाला हवा, दोघांपैकी एकाला झोपवा, झालं काम.

शिकवणारी फिलिपा उत्साहाने नुसती उतू चालली होती. मधोमध तिने सफरचंदं, भोपळे आणि गव्हाच्या ओंब्यांची बाहुली मांडली होती. प्रत्येकाच्या हातात एकेक वाळकं पान दिलं. "मंडळी, उद्यापासून अंधार वाढणार. जे सोडून द्यायचंय ते या पानात ठेवा. शेवटी पानं पाण्यात सोडू." क्लेमने पान मुठीत आवळलं ते आवळलंच. वृक्षासनात त्याचा तोल गेला. सावरायला हात पसरला, तो ट्रूडीच्या खांद्याला लागता लागता राहिला. तापलेल्या तव्यावरून घ्यावा तसा त्याने तो मागे घेतला.

"आता शवासन," फिलिपा म्हणाली. "अगदी प्रेतासारखं सैल पडायचं." बाई गावात नवी, तिला काय माहीत! गेनरने डोळे गच्च मिटले.

पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवरून उतरत गेलं. वाडगी घुमू लागली. मग काशाची मोठी थाळी सुरू झाली, तिचा नाद हळूहळू हॉलभर भरत गेला. जमीनसुद्धा थरथरत होती. कोणी उसासा टाकला, कोणाचं पोट गुरगुरलं.

आणि मग तो आवाज आला. आधी एक घरघर. मग जुनं डिझेल इंजिन एकदाचं सुरू व्हावं तसा दणदणीत, छप्पर हलवणारा.

गेनर ताडकन उठून बसली. क्लेम घोरत होता! तोंड उघडं, मूठ सुटलेली, चुरगळलेलं पान चटईवर पडलेलं. तिला रडू फुटलं. चौदा आठवड्यांनी झोपला माझा माणूस. झोप रे राजा, झोप.

पण कोपऱ्यात कोणी फिसकन हसलं. मागून एक बाई फणकारली, "उठवा हो त्याला! आम्ही शांततेसाठी आलोय."

तेवढ्यात गेनरचं लक्ष पलीकडे गेलं. ट्रूडी उठून बसली होती. क्लेमकडे टक लावून बघत होती. हिचा नवरा समुद्राने गिळला, आणि त्याला होडीवर नेणारा हिच्याशेजारी खुशाल घोरतोय. काय वाटत असेल हिला!

"ट्रूडी, चुकलं गं," गेनर कुजबुजली. "थांब, उठवते त्याला." तिने हात पुढे केला.

क्लेमच्या अंगावरून ट्रूडीने तिचं मनगट धरलं. पकड चांगली करकचून होती.

"हात लावशील तर बघ," ट्रूडी म्हणाली. मग फिलिपाकडे वळली. "बाई, ती तुमची थाळी बंद करा."

फिलिपाचा हात हवेतच राहिला. थाळीचा घुमार विरत विरत थांबला. हॉलमध्ये आता एकच आवाज उरला, वर जाणारा, अडकणारा, सुस्कारत खाली येणारा.

ट्रूडीने गेनरचं मनगट सोडलं. चटई ओढून हातभराचं अंतर वीतभर केलं, आडवी झाली आणि पायाशी ठेवलेली गोधडी हनुवटीपर्यंत घेतली.

"पास्को अस्साच घोरायचा," ती डोळे मिटत म्हणाली. "घर शांत झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही लागला माझा."