रोमँटिक कवींसाठी प्रिझम

"मराठीच्या तासाला प्रिझम कशाला?" भौतिकशास्त्राच्या इनामदार मॅडमनी विचारलं.

"रोमँटिक कवींची तक्रार होती, विज्ञानानं इंद्रधनुष्याची गंमत घालवली," भोईटे सर म्हणाले. "बघू, मुलांना काय वाटतं."

प्रिझम फुटेल या धास्तीनं मॅडम मागोमाग वर्गात आल्या. सरांनी तो खिडकीतल्या उन्हात धरला, पण भिंतीवर काहीच उमटेना. मुलं हसू लागली, सर घामाघूम झाले. मॅडमनी पुढे होऊन त्यांचं मनगट जरासं वळवलं आणि भिंतीवर सातही रंग सांडले. वर्ग ओरडलाच.

गंमत गेली का, हे विचारायची गरजच उरली नाही.

"मंगळवारी वास्तववाद शिकवतोय," प्रिझम परत देताना सर म्हणाले.

"त्याला काय देऊ?"

"काही नको. तुम्ही या."

"मंगळवारी माझं प्रॅक्टिकल असतं," मॅडम म्हणाल्या. मग हसल्या. "बदलून घेते."