बारला लटकलेल्या काकू

जिममध्ये जोडीच्या व्यायामाला देशमाने काकू मिळाल्या, तसं जाईचं डोकंच सटकलं. काकू पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या. आणि नियम असा, की एकीनं वरच्या लोखंडी बारला लटकायचं. ती लटकलीय तोवरच दुसरीनं बैठका मारायच्या.

"शाळा सोडलीस, शिवणक्लास सोडलास. हे जिमचं खूळ तरी किती दिवस?" आई सकाळीच म्हणाली होती.

शेवटच्या फेरीत पंचवीस बैठका होत्या. अठराव्या बैठकीलाच जाईच्या मांड्या पेटल्या. "उतरा काकू. मी चालले घरी. उद्यापासून येणार नाही."

काकूंचं तोंड लालबुंद झालं होतं. "ए येडे, उतरले तर मला परत वर चढवायला चार माणसं लागतील. मार!"

जाईनं पाहिलं, काकूंची बोटं सुटत चालली होती.

"मग सोडू नका हां!" ती खेकसली आणि गुडघ्यात वाकली. "एकोणीस!"